शूर्पारक ते वाढवण : बंदरे आणि माणसे

सोपारा म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती रेल्वेस्थानकावरील गर्दी. रोज सकाळी मुंबईची गाडी धरणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की जवळच्याच गाळाने भरलेल्या खाडीत एकेकाळी दूरदेशीची तारवे नांगर टाकीत असत? शूर्पारक हे त्या बंदराचे प्राचीन नाव. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये आपल्या भुईगावात नवव्या शासनाचा तुकडा मिळाला. राजाज्ञा कोरायची ती जेथे लोकांची वर्दळ असते तेथे. त्या काळी ही वर्दळ बंदरामुळे होती.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने 'पेरिप्लस' हा प्रवासग्रंथ लिहिला. त्यात सोपारा, कल्याण आणि चौल ही तिन्ही बंदरे ओळीने नोंदलेली आहेत. देशावरचा माल नाणेघाटातून कल्याणला उतरे. सोपारा व कल्याण येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आजही वाचता येतात. मात्र त्याच ग्रंथात कल्याणविषयी एक बोलकी नोंद आहे. सत्ता पालटल्यावर कल्याणचा व्यापार अडवण्यात आला. चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. पाणी तेच, घाट तोच, माल तोच. पण राजाने दार लावले आणि भरभराटीचे बंदर ओस पडू लागले. बंदर समुद्र घडवतो. ते चालवणे वा बुडवणे मात्र माणसाच्या हाती असते, हा धडा आपला किनारा इतक्या लवकर शिकला.

याच सुमारास क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात एक लेख कोरवला. त्याच्या दानधर्माच्या यादीत शूर्पारक येथील धर्मशाळा आहे. शिवाय इबा, पारदा, दमणा, तापी, करवेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावा ठेवल्या होत्या. लेखात त्यास 'पुण्यतर' असा सुंदर शब्द आहे. नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याची जागा आणि पाणपोई, अशीही सोय होती. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. नदी ओलांडणाऱ्या वाटसरूकडे कर न मागता त्यास पैलतीरी पोहोचवणे हे राज्यकर्त्याचे पुण्यकर्म मानले गेले होते. वाचकांनी हा शब्द मनात जपून ठेवावा. लेखाच्या अखेरीस तो पुन्हा लागणार आहे.

तारवांतून केवळ माल येत नसे. बौद्ध कथेत सोपाऱ्याचा पूर्ण नावाचा व्यापारी सफरीवर असताना सहप्रवाशांच्या मुखातून बुद्धवचने ऐकतो आणि भिक्षू होतो. सहाव्या शतकात कॉस्मास या ख्रिस्ती लेखकाने 'कल्याणा' नामक बंदरात इराणहून दीक्षित झालेला बिशप असल्याचे लिहून ठेवले. अनेक अभ्यासकांच्या मते हे आपलेच कल्याण होय. पुढे १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यास तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस या चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना हौतात्म्य आले. ते निघाले होते दक्षिणेकडे. त्यांचे जहाज ठाण्याला लागले. तेथे त्यांना आसरा दिला तो पूर्वापार राहणाऱ्या सिरियन परंपरेतील ख्रिस्ती कुटुंबाने. म्हणजे व्यापारी वाटेने आलेले ख्रिस्ती लोक पोर्तुगीजांच्या किती तरी आधी येथे नांदत होते. डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डानुस यांनी हुतात्म्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. त्यांचे अवशेष नंतर ओदोरिक या धर्मबंधूने चीनला नेले, तेही समुद्रमार्गेच.

आता वसईकडे वळू. २३ डिसेंबर १५३४ रोजी संत मत्तयाचे नाव धारण करणाऱ्या गलबतावर गुजरातच्या सुलतान बहादूरशहाचा पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्याशी तह झाला आणि वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. गुजरातहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनी वसईस येऊन परवाना घ्यावा, परतताना पुन्हा येथेच येऊन जकात भरावी, अशी अट त्या तहात होती. हा परवाना म्हणजे 'कार्ताझ'. तो जवळ नसलेले गलबत पकडले जाई, मालही जप्त होई. शतकानुशतके सर्वांचा असलेला समुद्र आता परवान्याचा झाला.

या व्यवस्थेत वसई श्रीमंत झाली, हे खरे. आसपासच्या जंगलांतील सागवानावर जहाजबांधणी चालली. येथील दगड गलबतांत भरून गोव्याला जाई. तेथील चर्च व वाडे त्याने सजले. परंतु झाड तोडणारा, दगड फोडणारा, भात पिकवणारा कोण होता? तो आपलाच पूर्वज होता. ज्या गलबतांतून आपल्याला श्रद्धेचे दान मिळाले, त्याच गलबतांतून सक्तीचा परवानाही आला. कृतज्ञता आणि सत्य या दोहोंना एकत्र धरण्याइतके आपले मन मोठे असावयास हवे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. अधिकारी, सरदार आणि त्यांची कुटुंबे जहाजांत बसून निघून गेली. किल्ल्यातील चर्च ओस पडली, पुढे ढासळली. पण बहुसंख्य स्थानिक ख्रिस्ती कोठेच गेले नाहीत. बागायतदार वाडीत राहिला, कोळी किनाऱ्यावर राहिला. व्यापार मुंबईच्या खोल पाण्याकडे सरकला. तेथेही जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बंदरे अशी जागा बदलत राहतात. किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र जागा बदलता येत नाही.

आणि आता पुन्हा डहाणूची पाळी आली आहे. तालुक्यातील वाढवण येथे बंदर उभारण्याचा प्रस्ताव १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने फेटाळला होता. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये नव्या प्रस्तावास अटींसह परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. वर्षाला २९८ दशलक्ष टन मालाची क्षमता, नऊ कंटेनर टर्मिनल, समुद्रात भराव घालून निर्माण होणारी सुमारे १,४४८ हेक्टर जमीन, असे हे अवाढव्य काम आहे. देशाच्या निर्यातीला मोठ्या जहाजांसाठी खोल बंदर हवे, हे नाकारता येणार नाही. पण ज्या उथळ खडकाळ पाण्यात मासळी वाढते, त्यावर पिढ्यान् पिढ्या जगणाऱ्या मच्छिमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला, तोही उगीच नव्हे. आपण काय गमावणार हे त्यांना ठाऊक आहे. काय मिळणार, ते फक्त सांगण्यात आले आहे.

इतिहास भविष्य सांगत नाही; प्रश्न कसा विचारावा एवढे शिकवतो. ज्या दाहनुकेवर उषवदाताने विनामूल्य नाव ठेवली, तिच्याच परिसरात हे बंदर होत आहे. ते कोणासाठी पुण्यतर ठरेल आणि कोणासाठी कार्ताझ? सोपाऱ्याची खाडी बुजली, वसईचा किल्ला पडला, पण होडी ओढणारे हात राहिले. नव्या बंदराच्या हिशेबात त्या हातांची नोंद पहिल्या पानावर आहे की नाही, हे विचारणे आपणा किनाऱ्यावरच्या साऱ्यांचे कर्तव्य आहे.