लिटल बिगहॉर्न रणभूमीवरील स्मृतिशिळा

अमेरिकेतील माँटाना राज्यातल्या लिटल बिगहॉर्न रणभूमीवर सातव्या घोडदळातील अधिकारी व शिपाई जिथे पडले, तिथे उभारलेले पांढरे संगमरवरी दगड. २५-२६ जून १८७६ रोजी येथे लकोटा, शायेन व अरापाहो या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी या घोडदळाचा पराभव केला. ले. कर्नल जॉर्ज कस्टर त्याच्या हाताखालच्या तुकडीसह मारला गेला.

मृतांना घाईघाईने उथळ खड्ड्यांत पुरण्यात आले. अधिकाऱ्यांची नावे मात्र चिठ्ठ्यांवर लिहून, त्या रिकाम्या काडतुसांत घालून, काडतुसे खुंट्यांत ठोकली गेली. त्यामुळेच १८७७ मध्ये बऱ्याच अधिकाऱ्यांचे अवशेष हलवता आले. कस्टरचे वेस्ट पॉइंट येथे नेले. हा मान साध्या शिपायांच्या वाट्याला आला नाही, आणि तो भेद आजही दगडांवर वाचता येतो. अधिकाऱ्याच्या शिळेवर नाव व हुद्दा आहे. बहुतेक शिपायांच्या शिळांवर केवळ ‘अमेरिकन सैनिक, सातवे घोडदळ, येथे पडला’ अशा अर्थाचा मजकूर. कस्टरची शिळा तिच्यावरील काळ्या ढालीमुळे दुरूनच ओळखू येते.

या शिळा १८९० मध्ये बसवल्या. त्यांची संख्या कस्टरच्या तुकडीतील मृतांहून अधिक आहे. १९८३ च्या वणव्यात गवत जळाल्यावर झालेल्या उत्खननात, जोडीने उभ्या शिळांखाली अनेकदा एकाच माणसाचे अवशेष सापडले.

डीप रव्हीन पायवाट याच शिळांमधून एका घळीकडे उतरते. तिथे पुरलेल्या सुमारे २८ सैनिकांचे अवशेष मिळालेले नाहीत. आपली भूमी राखताना पडलेल्या योद्ध्यांसाठी लाल ग्रॅनाइटच्या शिळा १९९९ पासून, म्हणजे फार उशिरा, बसू लागल्या. पहिल्या दोन शायेन वीरांच्या होत्या.