चक्का, इन्सुलिन आणि आंबलेले दूध

गुढीपाडवा जवळ आला की सातारा-सांगलीकडच्या घरोघरी दह्याची पुरचुंडी खुंटीला टांगलेली दिसते. पाणी निथळते, चक्का उरतो. हे का घडते, याचा उलगडा मात्र विसावे शतक उजाडताना झाला.

दुधातील केसीन या प्रथिनाच्या कणांवर ऋण विद्युत्भार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कण सुटे राहतात. विरजणातले जंतू आम्ल तयार करतात तसतसा हा भार घटतो. आंबटपणा मोजण्याचा आकडा म्हणजे सामू. तो जितका कमी, तितका आंबटपणा अधिक. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. तो ४.६ ला आला की केसीनवरचे ऋण आणि धन भार सारखे होतात आणि कण एकमेकांना बिलगतात. हाच केसीनचा समविद्युत् बिंदू. प्रत्येक प्रथिनाचा बिंदू निराळा.

इंग्लंडातील विल्यम हार्डी यांनी १९०० च्या सुमारास अंड्याच्या पांढऱ्या बलकावर प्रयोग करून या बिंदूची कल्पना मांडली. सामूची मोजपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ साली दिली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत.

या ज्ञानाने पुढे माणसे वाचली. १९२१ साली टोरोंटोला इन्सुलिन हाती आले; पण जनावरांच्या स्वादुपिंडातून ते शुद्ध आणि पुरेसे निघेना. १९२२ साली अमेरिकेतील इलाय लिली कंपनीचे रसायनतज्ज्ञ जॉर्ज वॉल्डन यांनी द्रावणाचा सामू इन्सुलिनच्या बिंदूजवळ आणला, आणि इन्सुलिन तळाशी बसले. मरणाच्या दारातल्या मुलांना पुरेल इतके औषध तयार होऊ लागले.

आता पुन्हा आपल्या दुधाकडे येऊ. सांगली जिल्ह्यात भिलवडीला १९३९ साली चितळे डेअरी निघाली. पुढे या भागात दूध हा घरखर्चाचा आधार झाला. दूध संकलनाच्या दारात आम्लता तपासतात, त्याचे कारण हेच. आंबूस दूध ४.६ पर्यंत उतरलेले नसले, तरी तापवताच फाटते. ज्याचा कॅन परत येतो, त्याची त्या वेळची कमाई जाते. कारण ठाऊक नसेल तर तो नशिबाला बोल लावील. ठाऊक असेल तर गावातच दूध थंड करण्याची सोय मागेल.

चळवळीत आयुष्य घालवून आम्ही एवढे शिकलो: कारण कळल्यावाचून मागणी नेमकी होत नाही.