दौंड जंक्शन आणि सेतुबंध रामेश्वर

थंडीच्या दिवसांत सहकुटुंब एखाद्या उष्ण बेटावर जाऊन राहणे ही अलीकडच्या सुबत्तेने आणलेली हौस होय, असा समज सर्वत्र रूढ असला, तरी घोडनदीच्या आणि भीमेच्या काठच्या शिरूर व दौंड या तालुक्यांपुरता तो मला ग्राह्य वाटत नाही. कारण या अवर्षणग्रस्त मुलखातील कुटुंबांना दक्षिण समुद्रातील एका बेटाची वाट आगगाडीने फार पूर्वीच खुली करून दिली होती, आणि ते बेट म्हणजे पांबनच्या खाडीपलीकडचे रामेश्वर.

आगगाडीपूर्वीची रामेश्वरयात्रा मात्र निराळ्याच प्रकृतीची होती. काशी आणि रामेश्वर ही दोन क्षेत्रे एकाच यात्रेची दोन टोके मानली जात; सेतूची वाळू उत्तरेस नेऊन प्रयागास गंगार्पण करावी आणि गंगोदकाची कावड दक्षिणेस आणून रामनाथस्वामीस अभिषेक घालावा, तेव्हाच ती पूर्ण होई. सावकाराचा हिशेब चुकता करून, वतनाचे कागद मुलांच्या हाती सोपवून, वाटखर्चाची हुंडी आणि जकातनाक्यांवर दाखवावयाचे राहदारीचे दस्तक जवळ बाळगून जो गृहस्थ बाहेर पडे, तो परत येईलच असे घरच्यांनी गृहीत धरलेले नसे. पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये मोठ्या लवाजम्यासह काशीस गेल्या खऱ्या. पण बाजरी काढून शाळूची राखण करणाऱ्या कुणब्याच्या बायकोस असा लवाजमा कोठून मिळणार?

तरीही त्या पायी यात्रेत एक आधार होता, आणि त्याचे स्मरण महाराष्ट्राने पुरेसे ठेवलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. व्यंकोजीराजांपासून तंजावरास जे मराठी राज्य नांदले, त्याच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे व धर्मशाळा, उभारून त्यांच्या खर्चास गावे लावून दिली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र हे त्यांतील विशेष प्रसिद्ध. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहून ही छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत अशी विनंती केली, तेव्हा तेथील व्यवहाराचे जे वर्णन त्यांनी केले, ते आजही वाचण्यासारखे आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्वांस तेथे शिजविलेला भात मिळे. ज्यांस तो चालत नसे त्यांस कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, असा पुकारा होई. आजारी वाटसरू बरा होईपर्यंत त्यास औषध व पथ्याचे अन्न दिले जाई, आणि वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची शुश्रूषा होई. या छत्रांचा जमाखर्च मोडीत लिहिला जात असे. खुद्द रामेश्वराच्या मंदिरातील पूजाधिकारही महाराष्ट्रीय मूळ असलेल्या, शृंगेरी मठाची दीक्षा घेणाऱ्या ब्राह्मण घराण्यांकडे चालत आलेला असल्याने, भीमाथडीहून निघालेला वाटसरू त्या दूरच्या मुलखातही सर्वस्वी परका ठरत नसे.

१८५५ मध्ये तंजावरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले, आणि अवघ्या तीन वर्षांनी, १८५८ च्या डिसेंबरात, पुण्याहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग दौंडवरून पुढे दिकसाळपर्यंत सुरू झाला. १८६० मध्ये तो सोलापुरास पोहोचला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासच्या लोहमार्गास मिळाला. इकडे १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता हे मार्ग जबलपुरास जोडले गेले होते. त्या वाटेस मनमाडजवळ गाठणारा दौंड-मनमाड फाटा १८७८ मध्ये खुला झाला. ज्या दुष्काळाने या भागातील शेतकरी देशोधडीस लावला, त्याच दुष्काळात या फाट्याचे बरेचसे मातीकाम कामावर आलेल्या उपाशी माणसांनी केले, ही गोष्ट त्या रुळांवरून जाताना विसरता येत नाही. परिणाम असा की काशीची वाट आणि रामेश्वराची वाट दौंडच्या स्थानकात एकमेकींस येऊन मिळाल्या. शिरूरास रेल्वे आली नाही. तेथील माणूस नगर रस्त्याने पुण्यास जाई किंवा बैलगाडीने दौंड गाठी, एवढाच काय तो फरक.

माझ्या मते या लोहमार्गाने यात्रेचा वेळच केवळ वाचवला नाही, तर तिचे माणूसबळ बदलले. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला, तेव्हा घरातील स्त्रिया आणि लेकरे यात्रेत सामील होऊ शकली, आणि म्हाताऱ्याच्या निरवानिरवीची जागा कुटुंबाच्या प्रवासाने घेतली. काळ पौष-माघाचा निवडावा लागे, कारण ईशान्य मोसमी पाऊस कार्तिक-मार्गशीर्षात रामेश्वरास झोडपून काढतो. शिवाय बाजरी घरात आलेली आणि शाळू अजून उभा, अशी सवड तेवढीच. मद्रासेस रुंद रुळांची गाडी सोडून दक्षिणेच्या मीटरगेजवर बसावे, मंडपमला उतरून नावेने खाडी ओलांडावी. १९१४ च्या फेब्रुवारीत पांबनचा पूल वाहतुकीस खुला झाल्यावर नावही सुटली. शिरूरच्या कडाक्यातून गेलेल्या माणसास तेथे माघातही अंगावर पांघरूण नकोसे होई. अग्नितीर्थाचे स्नान, मंदिरातील बावीस तीर्थांचे पाणी डोक्यावर घेत ओलेत्याने हिंडणे, आणि ज्यांनी भीमेचा उन्हाळ्यात आटलेला प्रवाहच पाहिलेला, अशा मुलांनी समुद्र पाहणे! घरी परतल्यावर मावंदे घालून गावजेवण होई.

बेटाच्या टोकाशी वसलेल्या धनुष्कोडीचे स्नान हे या यात्रेचे अखेरचे अंग. १९६४ च्या डिसेंबरात, २२ तारखेच्या रात्री, चक्रीवादळाने ते गाव, तेथील स्थानक आणि पांबनहून निघालेली एक प्रवासी गाडी माणसांसह समुद्रात ओढून नेली. पांबनचा पूल ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत दुरुस्त झाला. धनुष्कोडीचे रूळ मात्र पुन्हा घातले गेले नाहीत. १९८८ मध्ये खाडीवर रस्त्याचा पूल झाला, आणि यात्रा-कंपन्यांच्या बसगाड्या थेट बेटावर जाऊ लागल्या. त्या जुन्या पायी यात्रेची साक्ष देणारी तंजावरची मोडी दप्तरे मात्र अजून शिल्लक आहेत. पुणे जिल्ह्यातील कोणी मोडी जाणणाऱ्या तरुणाने छत्रांचे जमाखर्च घेऊन बसावे आणि त्यांत भीमाकाठच्या गावांची नावे शोधावीत, अशी माझी फार इच्छा आहे.