सोन्याची वीट आणि बक्कल नंबर

14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले 66 जवान जागीच गेले. त्यांची आठवण ठेवली जाते, ते योग्यच आहे. पण त्या दिवशी गोदीच्या आसपास रस्ते अडवून उभे असलेले, मढी उचलणारे, लुटालूट रोखणारे जे निळ्या डगल्यातले पोलीस शिपाई होते, त्यांच्याबद्दल बोलायचं तर त्यांच्या घरीच जावं लागतं. गेली काही वर्षं सुट्टीत मी हेच करतो आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी मुंबई पोलिसात होतं.

ज्या ज्या घरात गेलो, तिथे सोनं निघालं. गोष्टीत, बरं का.

सोनं खोटं नाही. त्या जहाजात बर्कनहेडहून निघतानाच स्फोटकं होती, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीला वर कापसाच्या गाठी चढल्या. सुमारे 1400 टन स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात! शुक्रवारी दुपारी धूर दिसला, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. एक 28 पौंडांची वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती सरकारला परत दिली. 2011 सालीही गाळ काढताना गोदीत सोनं सापडलं.

पण या गोष्टी इतक्या का फुगल्या, याचं कारण युद्धात आहे. सरकारने बातमी दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगून टाकली. इथल्या वार्ताहरांना मात्र मे महिना उजाडेपर्यंत मोकळेपणी लिहिता आलं नाही. जिथे छापील शब्द नाही तिथे तोंडी शब्द वाढतो. शिपाई तर नोकरीच्या भीतीने गप्प. तो सुट्टीवर गावी येईपर्यंत त्याची गोष्ट दुसऱ्यांनी रचून ठेवलेली असायची.

अशाच एका घरची ही हकीकत. नावगाव देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. आजोबा मुंबईत शिपाई, शेवटी हवालदार होऊन 1956 ला निवृत्त. गावात चिरेबंदी घर बांधलं. तेव्हापासून शेजारपाजार म्हणतो, “गोदीतली वीट आहे त्या पायात.” तीन पिढ्या हे चाललं आहे. नातवाच्या लग्नाच्या बोलणीतही कुणीतरी हसत हसत हे काढलं. तो मला म्हणाला, “सर, चोर होते तर तसं सांगा, पण एकदा काय ते कळू दे.” गोदीत कुणीच हात मारला नसेल असं मी म्हणणार नाही, त्या गोंधळात पोलिसांनाही मोह झाला असेल. प्रश्न या एका माणसाचा होता.

ट्रंकेतून निघालं ते असं: पेन्शनचं पुस्तक, बक्कल नंबर लिहिलेला निवृत्तीचा दाखला, 1952 चं एक गहाणखत आणि एक उर्दू पोस्टकार्ड. नातवंडं मराठी माध्यमातली, त्यामुळे कार्ड इतकी वर्षं कुणी वाचलंच नव्हतं. हे आमच्या समाजात सर्रास झालंय. घरात कागद आहे, वाचणारा नाही. लोक लॅमिनेट करून भिंतीला लावतात (कृपा करून करू नका, शाई जाते), पण कुणाकडून वाचून घेत नाहीत.

कार्डावर 20 एप्रिल 1944 तारीख आहे. अक्षर सराईत, म्हणजे कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. सलाम-दुआनंतर मजकूर थोडकाच: मी खैरियतीने आहे, मस्जिद बंदरला बंदोबस्त आहे, रजा मिळणार नाही. तळवे भाजले आहेत, जोड्याचे तळ जळाले. भावाकडून जुने जोडे पाठवून द्या, इथे नवे परवडत नाहीत. स्फोटाचा एक शब्द नाही. राडारोडा हलवायला पुढे सात महिने आणि आठ हजार माणसं लागली, त्याची ही पहिलीच सहा दिवसांची चाकरी.

गहाणखत त्याहून बोलकं आहे. घर बांधायला भाताचा वाफा नऊशे रुपयांना गहाण टाकलेला, आणि मागच्या बाजूला हप्त्यांच्या पावत्या, शेवटची 1961 ची. म्हणजे निवृत्तीनंतर पाच वर्षं पेन्शनमधून कर्ज फिटत होतं.

नातवाने गहाणखताची प्रत शेजारच्या चाचांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली आणि म्हणाले, “अरे, सोनं लपवायला माणूस कर्ज काढतोच की.”

सध्या माझ्याकडे दुसऱ्या एका घरची ट्रंक आहे. ते आजोबा सातारा भागात होते, 1942 च्या सप्टेंबरात, वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाले त्या दिवसांत. त्यांच्या मुलीने किल्ली दिली आहे, पण ती म्हणते, उघडाल तेव्हा मी तिथे नसेन.