क्रूझवरच्या लग्नात झेंडा कुणाचा?

क्रूझवर लग्न करायचं ठरलं की सगळे केबिन, जेवण आणि पॅकेज बघतात. मी आधी जहाजाच्या पाठीमागे रंगवलेलं गावाचं नाव वाचतो. ते असतं नोंदणीचं बंदर. भर समुद्रात कॅप्टन लग्न लावू शकतो की नाही, हे तिथला कायदा ठरवतो.

क्युनार्डचंच उदाहरण घ्या. १८४० पासून अटलांटिक ओलांडणारी ही ब्रिटिश कंपनी. सिनेमातला कॅप्टन खुशाल लग्न लावतो, पण ब्रिटिश नोंदणीच्या जहाजावर कॅप्टनला तो अधिकार नव्हता. २०११ मध्ये क्युनार्डने ‘क्वीन मेरी २’सह तिन्ही जहाजांची नोंदणी साउथॅम्प्टनहून बर्म्युडातल्या हॅमिल्टनला हलवली. समुद्रावरच्या लग्नांना मागणी आहे, असं कारण कंपनीने दिलं. २०१२ पासून कॅप्टन लग्नं लावू लागले.

पण झेंड्याबरोबर त्या बेटाचं राजकारणही जहाजावर आलं. २०१७ मध्ये बर्म्युडाच्या न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. २०१८ च्या कायद्याने ती काढून घेतली. लोक कोर्टात गेले. क्युनार्डची मालक असलेल्या कार्निव्हल कंपनीने त्यांना पाठबळ दिलं. तरीही २०२२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने बर्म्युडा सरकारच्या बाजूने निकाल दिला. ज्यांनी त्या बेटावर कधी पाऊलही ठेवलं नव्हतं, अशा जोडप्यांसाठी या जहाजांवरचं कायदेशीर लग्न बंद झालं.

म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याआधी एवढं विचाराच: जहाजाची नोंदणी कुठली, आणि लग्नाचं प्रमाणपत्र कुठल्या देशाचं मिळणार?