भूक जुनीच होती, मग संप १९३३ लाच का?

'शेतकरी असंतोष' असा विषय घेतलात की पहिल्या प्रकरणात एक वाक्य हमखास येतं: दारिद्र्य वाढलं, म्हणून लोक पेटून उठले. हे वाक्य अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाशी ताडून बघा.

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरीच्या सभेत कुळांनी ठरवलं, खोतांची जमीन कसायची नाही. आजूबाजूची मिळून २५ गावं त्यात उतरली. नेते होते नारायण नागू पाटील. संप १९३९ पर्यंत चालला. म्हणजे आधीच अर्धपोटी असलेल्या माणसांनी हातचं भातपीक सोडलं आणि जवळजवळ सहा वर्षं लाकूडफाटा विकून, मिळेल ते काम करून काढली. भूक हेच कारण असतं, तर भूक वाढवणारी वाट कुणी कशाला धरली असती?

इथे बरेच जण टेड गर यांच्याकडे वळतात. 'व्हाय मेन रिबेल' (१९७०) या पुस्तकात त्यांनी 'सापेक्ष वंचितता' मांडली. आपल्या हक्काचं किती आणि पदरात पडलं किती, या दोहोंतलं अंतर माणसाला चिडवतं. चरीला हे लागू पडतं, पण अर्धंच. कारण 'हक्काचं' हा शब्द खोतीच्या गावात आला कुठून? खोताचा वाटा आणि वेठ ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. रीतीवर माणूस कुरकुरतो, तिच्याविरुद्ध उठत नाही.

माझा कौल सभांना आहे. घरात बसलेल्या कुळाला वाटतं, आपलंच नशीब फुटकं. शेजारच्या गावचा माणूस उभा राहून तोच हिशेब सांगतो, तेव्हा प्रश्न पडतो: इतक्या जणांचं नशीब एकाच वेळी, एकाच माणसापायी कसं फुटतं? भीतीचंही तसंच. एकाने जमीन टाकली तर खोत ती दुसऱ्या कुळाला देणार. सगळ्यांनीच टाकली तर देणार कुणाला? राग आधीही असेल. त्याला पत्ता मिळाला आणि सोबत मिळाली, ती इथे.

पुढे १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३९ मध्ये कूळ कायदा आला. परीक्षेला तेवढं पुरतं, प्रबंधाला नाही. दप्तरात बसाल तेव्हा गरिबीचे आकडे जरूर टिपा, पण त्याआधी सभांच्या तारखा लावा: कुठल्या गावात, कधी, कोण बोललं, आणि त्यानंतर कुठल्या गावाने नांगर ठेवला.