लेथच्या दंतचक्रांची ओळख

भंडारा जिल्ह्यांतील साकोली हें गांव नागपूर-रायपूर राजमार्गावर आहे. भोंवतालचा मुलूख तलावांचा आणि भाताचा. भाताच्या गिरणीचा एखादा बोल्ट तुटला म्हणजे त्याच आट्यांचा दुसरा बोल्ट ज्या लेथवर कापला जातो, तो लेथ अशा मुलखांत शेतीचेंच एक अवजार ठरतो. पण जुन्या, हातोहात फिरलेल्या लेथबरोबर येणारा दंतचक्रांचा संच पुष्कळदां अपुरा असतो. उणें असलेलें चक्र भंगारांतून शोधावें लागतें. आणि तें अचूक ओळखण्याच्या विद्येमागें यंत्रयुगाचा दीडदोनशें वर्षांचा इतिहास आहे.

लंडनच्या हेन्री मॉड्सले यानें १७९७ च्या सुमारास आटे कापण्याचा जो लेथ रचला, त्यांत हत्यार कारागिराच्या हातीं न ठेवतां लीड स्क्रूच्या साहाय्यानें सरकविण्याची योजना होती. स्पिंडल व लीड स्क्रू यांमधील चक्रें बदललीं कीं एकाच स्क्रूवरून निरनिराळे आटे निघतात. लीड स्क्रूला इंचांत ४ आटे असून बोल्टावर ८ हवे असतील, तर स्पिंडलकडे २० दांत्यांचें व स्क्रूकडे ४० दांत्यांचें चक्र लावावयाचें. पुढें १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ यानें ५५ अंशांच्या कोनाचे ठराविक आटे सुचविले, आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसूं लागला.

महाराष्ट्रांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. १९४१ सालीं हरिहर येथें निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीनें लेथ तयार केले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानें देशांत मेट्रिक पद्धति आली, तरी इंची लीड स्क्रूचे जुने लेथ चालूच राहिले. या दोन मापांमधील पूल म्हणजे १२७ दांत्यांचें चक्र. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, २५४ चें अर्धें १२७, आणि ही संख्या अविभाज्य असल्यानें तिला लहान करतां येत नाहीं. इंचांत ४ आट्यांच्या स्क्रूवर हें चक्र चढवून स्पिंडलकडे ४० दांत्यांचें लावलें, कीं बरोबर २ मिलिमीटर अंतराचे आटे निघतात.

भंगारांतील चक्राची परीक्षा सोपी आहे. दांते मोजावे, त्यांत दोन मिळवावे, आणि बाहेरील व्यासाला त्या संख्येनें भागावें. ४० दांते व ८४ मिलिमीटर व्यास असल्यास चक्र २ मॉड्यूलचें. त्याच ४० दांत्यांचा व्यास ८८.९ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच, भरला तर तें इंची मापाचें, १२ पिचचें. नजरेला दोन्हीं सारखींच. पण एकत्र जोडलीं तर दांते नीट गुंतत नाहींत, लवकर झिजतात. दांत्यांचा कोन साडेचौदा अंशांचा कीं वीस अंशांचा, हेंहि संचांतील दुसऱ्या चक्राशीं ताडून पाहावें. मधलें भोक, चावीची खाच व जाडी मागाहून पाहिली तरी चालतें, कारण भोक मोठें करतां येतें. दांते बदलतां येत नाहींत.

मोजणींत एका दांत्याची चूक क्षुल्लक वाटते. पण वरील उदाहरणांत ४० ऐवजीं ३९ दांत्यांचें चक्र लागलें, तर इंचांत ८ ऐवजीं ७.८ आटे पडतात. नट पहिले एकदोन फेरे सहज चढतो आणि मग अडतो. आणि ऐन हंगामांत गिरणी बंद राहते.